कर बंद करण्याआधी नमुना ९ आणि नमुना १० शेजारी ठेवा

एरंडोल तालुक्यातल्या गिरणाकाठच्या एका गावातून प्रश्न आला आहे. थोडक्यात तो असा: गाव २,४०० वस्तीचं, नळ आठ दिवसांनी येतो. यंदा विशेष पाणीपट्टी ९०० वरून १,२०० केली. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर धरून बिल ३,४८० रुपये आलं. शिपाई सांगतो, पूर्ण रक्कम भरल्याशिवाय कुठलाच दाखला मिळणार नाही. ग्रामसभेत हिशेब कोणी वाचत नाही, म्हणून गल्लीतल्या चाळीसेक घरांनी कर भरणं बंद करायचं ठरवलंय. हे बरोबर आहे का?

भाऊ, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. आकारणी बरोबर आहे का, जमा झालेला पैसा खात्यात पोहोचतो का, आणि खात्यातून निघालेला पैसा कामावर लागतो का? तिघांची दप्तरं वेगळी, तिघांना उत्तर द्यायची पद्धत वेगळी. सगळं एकत्र करून ‘पैसा कोठे गया?’ असं ग्रामसभेत ओरडलं की सरपंचाला एकच वाक्य पुरतं, ‘विकासकामावर गया’. आणि तिथे विषय संपतो.

कर बंद करू नका, हे आधीच सांगतो. घाबरवायला नाही, हिशेबाने सांगतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२९ प्रमाणे बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्ती अशा पायऱ्या आहेत. प्रत्यक्ष जप्ती खेड्यात क्वचित होते, पण लोकअदालतीची नोटीस नक्की येते. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत भरलं तर ५ टक्के सूट. ३१ मार्च उलटला तर ५ टक्के जादा. दुसरं असं की चाळीस घरं थांबली की पंचायतीला आयतं उत्तर मिळतं: ‘वसुलीच नाही, महावितरणचं बिल कशातून भरू?’ पंप बंद पडल्याचं खापर मग तुमच्याच गल्लीवर. तिसरी गोष्ट फार जण विसरतात. कलम १४ नुसार बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो. उद्या तुमच्यातलाच कोणी निवडणुकीला उभा राहिला तर छाननीत हाच कागद पुढे येईल. हेच हत्यार उलटंही चालतं: सध्याच्या सदस्यांच्या नावावर किती बाकी आहे ते आधी बघा.

तेव्हा कर भरा, नमुना १० ची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ठरलेल्या नमुन्यातली पावती घ्या, आणि ज्या रकमेवर हरकत आहे तिचा लेखी अर्ज त्याच दिवशी देऊन पोच घ्या. पावती हातात असलेल्या माणसाला ‘आधी कर भर, मग बोल’ असं म्हणता येत नाही.

दाखल्यांचं काय? थकबाकी नसल्याचा दाखला बाकी असताना मिळणार नाही, हे उघड आहे. पण जन्म-मृत्यूची नोंद आणि तिचा उतारा १९६९ च्या वेगळ्या केंद्रीय कायद्याखाली मिळतो. पाणीपट्टीशी त्याचा संबंध नाही. जन्म, मृत्यू, विवाह नोंदणी, दारिद्र्यरेषेचा दाखला, नमुना ८ चा (घराच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा, निराधार असल्याचा दाखला या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहेत. तोंडी मागू नका, अर्ज द्या, पोच घ्या, आणि नकार देत असतील तर कारण लेखी मागा. शिपायाशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे नकाराचा अधिकार नाही आणि होकाराचाही नाही. अर्ज ग्रामसेवकाच्या, म्हणजे आताच्या पदनामाने ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या नावे असावा.

आता बिल. बिलातली घरपट्टी भांडवली मूल्यावर असते. ३१ डिसेंबर २०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर जमिनीचा वार्षिक दर, बांधकामाचा दर, इमारतीच्या वयाचा घसारा आणि वापराचा भारांक यांवरून मूल्य काढतात आणि त्यावर दर हजारी काही पैसे कर लावतात. चूक कुठे होते? आपल्याकडे अजून धाब्याची घरं आहेत: मातीच्या भिंती, लाकडी सऱ्या, वर मातीचं धाबं. पुढची एक खोली स्लॅबची बांधली की आकारणी करणारा अख्खं घर आरसीसी धरून मोकळा होतो. कधी वय लिहायचं राहतं, म्हणून घसारा मिळत नाही. कधी पुढच्या ओट्यावर पिठाची गिरणी दिसली की सगळं घर वाणिज्यिक. नमुना ८ चा तुमचा उतारा काढा आणि चार गोष्टी तपासा: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, वापर. टेप घेऊन घर मोजायला अर्धा तास लागतो. आकारणी दर चार वर्षांनी सुधारते आणि तेव्हा यादी प्रसिद्ध करून हरकती मागवतात. ती सूचना फलकावर लागते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ती वेळ गेली असेल तरी बिलावर पंचायत समितीकडे अपील करता येतं, पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. मुदत थोडी असते, म्हणून बिल पडल्या आठवड्यातच हालचाल करावी.

सामान्य पाणीपट्टी सगळ्या घरांना असते, विशेष पाणीपट्टी फक्त खासगी नळ असलेल्यांना. नळाला पाणी येत नाही म्हणून विशेष पट्टीची मागणी आपोआप थांबत नाही. खरोखर नको असेल तर नळ बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा लागतो. ३०० रुपयांची वाढ मात्र हवेतून होत नाही, तिच्यामागे ठराव लागतो. त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा: ठराव क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक, आणि वाढीच्या समर्थनार्थ देखभाल खर्चाचा कुठला हिशेब सभेपुढे ठेवला होता तो. बऱ्याच ठिकाणी ठराव असतो आणि त्यामागचा हिशेब नसतो. तिथे तुमचा मुद्दा पक्का होतो.

इथून पुढे खरं काम सुरू होतं. ग्रामपंचायतीचं दप्तर महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता २०११ प्रमाणे ३३ नमुन्यांत ठेवतात. तुम्हाला सगळे नकोत. पाणीपट्टीसाठी चार कागद पुरतात: नमुना ९ (कर मागणी नोंदवही), नमुना १० (कराची पावती), नमुना ५ (रोकड वही) आणि बँकेचा खातेउतारा. पाणीपुरवठ्याची रोकड वही आणि बँक खातं ग्रामनिधीपासून वेगळं असतं, म्हणून अर्जात ‘पाणीपुरवठा खात्याची’ हे शब्द घालाच. नाहीतर ग्रामनिधीची वही पुढे करतात आणि तुम्ही तीच उलटत बसता.

जुळवणी अशी करतात. तुमच्या गावात ४५० नळ आहेत असं धरू. चालू मागणी ४५० गुणिले १,२००, म्हणजे ५,४०,०००. मागील बाकी समजा ६,१०,०००. एकूण मागणी ११,५०,०००. वर्षभरात वसूल ४,३०,०००. मग ३१ मार्चची बाकी ७,२०,००० आणि १ एप्रिलच्या नव्या नमुना ९ मध्ये ‘मागील बाकी’ त्याच ७,२०,००० ची हवी. तिथे ६,६०,००० दिसली तर मधले ६०,००० कुठेतरी जिरले. एक तर ते वसूल झाले आणि पावतीवर आले नाहीत, किंवा कोणाची तरी बाकी पुढे ओढलीच नाही. बाकी निर्लेखित करायला, म्हणजे कायमची सोडून द्यायला, ठराव आणि वरची मंजुरी लागते. नुसती रेघ मारून ती जात नाही. दोन वर्षांचे नमुना ९ शेजारी ठेवले की हा फरक दहा मिनिटांत सापडतो. लेखापरीक्षकही इथूनच सुरुवात करतो.

पुढची पायरी पावत्यांची. नमुना १० च्या पुस्तकांना क्रमांक असतात. कोणती पुस्तकं वापरात आली, कोणती कोरी आहेत, मधलं एखादं गायब आहे का, ते बघा. गल्लीतल्या चाळीस घरांच्या पावत्या तुमच्याकडे आहेतच. त्यांचे क्रमांक, तारखा, रकमा एका वहीत उतरवा आणि कार्यालयातल्या स्थळप्रतीशी ताडून बघा. तुमच्या हातात १,२०० ची पावती आणि स्थळप्रतीवर २०० असेल, तर पुढे काही शोधायची गरज नाही. साध्या कागदावर किंवा वहीच्या पानावर ‘मिळाले’ लिहून दिलेली सही पावती धरली जात नाही. असे कागद कोणाकडे असतील तर ते वेगळे काढून ठेवा. क्यूआर कोडवर पैसे पाठवले असतील तर खातेदाराचं नाव काय उमटतं तेही बघा. ग्रामपंचायतीऐवजी माणसाचं नाव आलं तर त्याचा फोटो काढा.

मग तारखा. पावती २० जुलैची आणि बँकेत भरणा १४ सप्टेंबरचा, तर ते पैसे आठ आठवडे कोणाच्या खिशात होते? याला तात्पुरता अपहार म्हणतात, आणि गावपातळीवर सगळ्यात जास्त हाच सापडतो. वसूल झालेली रोकड परस्पर खर्च करायची नसते. आधी बँकेत भरायची, मग धनादेशाने किंवा ऑनलाइन काढायची. रोकड वहीत महिनोन्महिने ‘हाती शिल्लक’ ३०-४० हजार दिसत असेल तर प्रश्न तिथेच विचारा. सगळ्यांचा यात चोरीचा हेतू असतो असं नाही. एका माणसाकडे तीन-तीन गावं असतात, बँक तालुक्याला, भरणा रखडतो. पण कारण काहीही असो, नोंद तीच राहते आणि उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

आता पाणी. इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं. योजना गावाची स्वतःची आहे की प्रादेशिक, म्हणजे अनेक गावांची मिळून एक, हे आधी ठरवा. प्रादेशिक असेल तर पाणी वरून ठरावीक मिळतं आणि पंचायत फक्त वाटते. आठ दिवसांच्या पाळीला ग्रामसेवक जबाबदार असेलच असं नाही. गिरणाकाठी उन्हाळ्यात धरणाचं आवर्तन सुटेपर्यंत विहिरीत पाणीच नसतं. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात भूजल खोल गेलं, तिथे पंप खाली उतरवावा लागतो आणि वीजखर्च वाढतो. जलजीवन मिशनची टाकी अर्धवट उभी असेल तर ते काम बहुतेक करून जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचं असतं. त्याचे कागद ग्रामपंचायतीत मागून ‘उपलब्ध नाही’ हेच उत्तर येईल आणि ते खोटंही नसेल.

स्वतःची योजना असेल तर एक साधी मोजणी करा. समजा टाकी १ लाख लिटरची आहे आणि पंपाचं लॉगबुक (रोजची नोंदवही) म्हणतं की ती रोज एकदा भरते. आठ दिवसांत ८ लाख लिटर. गावात ४८० घरं. पाळीच्या दिवशी वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या दहा घरांत २०० लिटरच्या ड्रमने मोजा. उतारावरची आणि चढावरची, दोन्हीकडची घरं घ्या, नाहीतर आकडा फसवा येतो. सरासरी तीन ड्रम निघाले तर घराला ६०० लिटर, गावाला २,८८,०००. उरलेले पाच लाखांवर लिटर गेले कुठे? शक्यता तीनच: टाकी रोज भरत नाही, जलवाहिनी फुटलेली आहे, किंवा मधे कोणी विनापरवाना जोड घेतला आहे. गुरांच्या गोठ्यावर नाहीतर वीटभट्टीवर गेलेला एक इंची जोड अख्ख्या गल्लीचं पाणी ओढतो. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे. तुमच्या २,४०० वस्तीला तो रोज १,३२,००० लिटर होतो. म्हणजे टाकी खरोखर रोज एकदा भरली तरी निकष गाठला जात नाही, पण आठ दिवसांत घराला तीनच ड्रम मिळण्याइतकी टंचाईही नाही. हा फरक कागदावर मांडून दिला तर अभियंत्याला काहीतरी बोलावंच लागतं.

वीजबिल हा पाणीपुरवठ्यातला सगळ्यात मोठा खर्च, आणि तो तपासायला सोपा. १५ एचपीचा पंप म्हणजे ११.२ किलोवॅट. तीन तास चालला तर साधारण ३४ युनिट, मोटारीची घट धरून ४०. महिन्याला १,२०० च्या आसपास. लॉगबुकात रोज तीन तास आणि बिलात ३,००० युनिट असतील तर मीटर नादुरुस्त असून सरासरी बिल येतंय, किंवा त्याच मीटरवर दुसरा भार आहे, किंवा पंप लिहिल्यापेक्षा जास्त चालतो. शेवटची शक्यता खरी असेल तर वरचा गळतीचा प्रश्न अजून मोठा होतो. बिलावरची मागील थकबाकी आणि विलंब आकारही बघा. सरकारी निधीतून बिल भरल्याची नोंद आहे आणि महावितरणच्या बिलावर थकबाकी तशीच आहे, असं दिसलं तर व्हाउचरची प्रत लगेच मागा.

टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या ब्लीचिंग पावडरीचंही असंच. ३३ टक्के क्लोरीनची पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम लागते. १ लाखाच्या टाकीला एका भरणीस ५०० ग्रॅम, महिन्याला १५ किलो, वर्षाला १८० किलो. २५ किलोच्या सात-आठ गोण्या झाल्या. खरेदी बिलं साठ गोण्यांची असतील तर नमुना १५, म्हणजे उपभोग्य वस्तूंची साठा नोंदवही मागा: किती आल्या, कोणत्या तारखेला किती दिल्या, शिल्लक किती. उलटही घडतं: बिल सात गोण्यांचं, पण ओटी चाचणीत (पाण्यातला क्लोरीन बघायची चाचणी) नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन ०.२ पीपीएमही दिसत नाही. उघड्या गोणीतली पावडर महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते, हेही कारण असू शकतं. म्हणून चोरीचा आरोप करण्याआधी गोणी कुठे आणि कशी ठेवली आहे ते जाऊन बघा.

सरकारी निधीचा भाग आटोपशीर सांगतो. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामपंचायतीला आलेल्या पैशातला ६० टक्के बंधित होता: निम्मा पाण्यावर, निम्मा स्वच्छतेवर. उरलेला ४० टक्के अबंधित. या पैशाचे आराखडे आणि व्हाउचर ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर गावाच्या नावाने बघता येतात, अर्ज करायची गरज नाही. जळगाव, एरंडोल, मग गाव, मग वर्ष. ग्रामनिधीचं चित्र तिथे अर्धवट असू शकतं, म्हणून तिथे दिसत नाही म्हणजे खर्च झाला नाही असा निष्कर्ष काढू नका. स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पहिल्या दोघांचा हिशेब नमुना २८ मध्ये सापडतो. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरचे, किंवा चोपडा-यावल-रावेर आणि साक्री-शिरपूरच्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या गावांतले कोणी वाचत असतील तर तुमच्याकडे ५ टक्के अबंध निधीचं स्वतंत्र खातं आहे. त्याचा हिशेब वेगळा मागावा लागतो.

काँक्रीट रस्त्यांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण आज ना उद्या विचाराल. कामाचं नाव नीट वाचा. ‘आप्पांच्या घरापासून मारुती मंदिरापर्यंत’ एका वर्षी वित्त आयोगातून, आणि ‘मारुती मंदिरापासून आप्पांच्या घरापर्यंत’ दोन वर्षांनी जनसुविधा नाहीतर आमदार निधीतून. टोकं उलटी केली की कागदावर नवा रस्ता होतो. नमुना २३ ही रस्त्यांची नोंदवही आहे, तिच्यात दोन्ही नोंदी शोधा. मोजमाप पुस्तिकेत १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड लिहिलं असेल तर ४५ घनमीटर काँक्रीट झालं. प्रत्यक्षात ८० मीटर, २.७० मीटर आणि १० सेंटिमीटर भरलं तर २१.६. लांबी-रुंदीतली चोरी डोळ्यांना जाणवत नाही, कारण प्रत्येक बाजूने थोडी थोडी असते. कडेला जाडी मोजताना खालची मुरुमाची भर काँक्रीटमध्ये धरू नका. तिथेच तक्रारदार तोंडघशी पडतात.

हे कागद मिळवायचे कसे? पहिला मार्ग ग्रामसभा. वर्षातून किमान चार व्हायला हव्यात, आणि आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेपुढे वार्षिक हिशेब, प्रशासन अहवाल आणि मागच्या लेखापरीक्षणाची टिपणी ठेवणं कलम ८ प्रमाणे बंधनकारक आहे. म्हणजे एप्रिल-मेची सभा महत्त्वाची. १५ ऑगस्टच्या गर्दीत हिशेब मागून काही हाती लागत नाही. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी जे कमी ते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, आणि नको ते विषय नेमके तिथे मंजूर होतात. तुमची चाळीस घरं पहिल्याच सभेला हजर राहिली तर निम्मं काम होतं. तोंडी प्रश्न विचारू नका. विषय आठवडाभर आधी लेखी द्या, पोच घ्या आणि सभेत ‘इतिवृत्तात नोंद घ्या’ एवढंच म्हणा. सभा संपताना सह्यांच्या खाली मोकळी जागा राहिलीय का ते बघायला एक माणूस ठेवा.

दुसरा मार्ग अवलोकनाचा. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला ठेवायचे असतात. खेड्यात हे फारसं कोणी पाळत नाही, पण निर्णयाची प्रत हातात घेऊन दोघे-तिघे गेलात तर नकार द्यायला अवघड जातं.

तिसरा मार्ग माहिती अधिकार, आणि तो चुकीच्या वाक्यामुळे फुकट जातो. ‘निधीचा गैरवापर का झाला?’ हा माहितीचा प्रश्नच नाही. कायद्यात अस्तित्वात असलेला कागद मागता येतो, खुलासा मागता येत नाही. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून जमा आणि खर्चाचे दोन वेगळे अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. प्रतीला पानामागे २ रुपये. पानं शेकड्यांनी असतील तर आधी अवलोकन मागा, पहिला तास मोफत असतो, आणि हवी तीच पानं काढून घ्या. जमेच्या अर्जाचा मजकूर असा चालेल:

‘ग्रामपंचायत पाणीपुरवठा खात्याच्या २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन आर्थिक वर्षांबाबत पुढील अभिलेखांचे अवलोकन व निवडलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात: १) नमुना ९, विशेष पाणीपट्टीची मागणी, वसुली व बाकी. २) नमुना १० च्या वापरलेल्या पुस्तकांचे क्रमांक व स्थळप्रती. ३) नमुना ५, पाणीपुरवठा खात्याची रोकड वही. ४) त्याच खात्याचा बँक खातेउतारा. ५) विशेष पाणीपट्टी वाढवण्याच्या ठरावाची व त्यासोबतच्या खर्चाच्या हिशेबाची प्रत.’

खर्चाच्या अर्जात वीजबिलं, पंपाचं लॉगबुक, टीसीएल खरेदीची प्रमाणकं (नमुना १२) आणि नमुना १५ टाका. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत समितीतल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील. तिथे निकालाला ३० दिवस, फार तर ४५. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. तिथे नंबर लागायला वेळ जातो, म्हणून खरा जोर पहिल्या अपिलाच्या सुनावणीवर ठेवा आणि स्वतः हजर राहा. ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं तर ते पराभव समजू नका. लेखा संहितेने ठेवायला सांगितलेली नोंदवही कार्यालयात नाही, अशी ती लेखी कबुली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा उल्लेख करून जबाबदारी निश्चित करण्याची मागणी अपिलातच करा.

जुळवणीत फरक सापडला तर तक्रार एका पानाची ठेवा. एक बाब, एक रक्कम, दोन कागद जोडलेले. ‘नमुना ९ प्रमाणे ३१ मार्चची बाकी ७,२०,०००, पुढच्या वर्षी ओढलेली बाकी ६,६०,०००, फरक ६०,०००, चौकशी व्हावी.’ बस. सरपंचाचं राजकारण, मागच्या निवडणुकीतलं वैर, व्हॉट्सअॅपवरची भांडणं त्यात घातलीत की विस्तार अधिकारी तिला गटबाजीची तक्रार समजून बाजूला ठेवतो. पहिलं पत्र गटविकास अधिकाऱ्यांना, प्रत जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागाच्या उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या जिल्हा कार्यालयालाही प्रत द्या. पुढच्या लेखापरीक्षणात तो मुद्दा आक्षेप म्हणून आला की नमुना ३० मध्ये चढतो, आणि पूर्तता होईपर्यंत सहजासहजी निघत नाही. कलम ३९ खाली सरपंच-सदस्यांना काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना आहे, पण तिथवर जायला चौकशी अहवाल लागतो. थेट नाशिकला पत्र टाकलं तर ते फिरून तुमच्याच पंचायत समितीत येतं.

तुमच्या बाबतीत क्रम सांगायचा तर आधी चाळीस घरांच्या पावत्या एका वहीत उतरवा, दोघांना ड्रमने पाणी मोजायला लावा, आणि यंदाचा कर ३० सप्टेंबरच्या आत भरून टाका. ३,४८० वर ५ टक्के म्हणजे १७४ रुपये वाचतात, दोन्ही अर्जांचे स्टँप आणि पंचाहत्तरेक पानांच्या प्रती त्यातून निघतात. जमेचा अर्ज आधी द्या, खर्चाचा महिन्याभराने. जमेचे कागद हातात आल्यावर खर्चाच्या अर्जात नेमके कोणते महिने मागायचे ते तुम्हालाच कळेल.